समुद्रावर सांभार

मायनं तंबाखू सोडली, हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

वर्ध्याहून पुण्याच्या गाडीत आम्ही दोघीच होतो. पुण्याहून पुढे भाऊ त्याच्या कारनं सगळ्यांना समुद्रावर नेणार होता. पुलगाव गेलं, धामणगाव गेलं, तरी मायचा हात कमरेकडे गेला नाही. तिच्या कमरेला चंची असते, तंबाखू-चुन्याची. मला समजायला लागल्यापासून मी ती चंची पाहते आहे. वांग्याच्या वाफ्यात निंदताना ती असायची, बाजारात तराजू धरताना असायची. बाबा गेले त्या दिवशीही ती मायच्या कमरेलाच होती.

"माय, चंची विसरली का?"

"विसरली नाई. सोडली."

"काऊन?"

"सूनबाई म्हणे मागच्या खेपेले, आई, वास येतो. आता चार दिवस सारे संगं राह्याचं हाये. लहान पोट्टा हाये तिथं."

"चार दिवसासाठी सोडली?"

माय म्हणाली, "बाबूनं फोनवर सांगतलं मले. म्हणे माय, समुद्रावर चार दिवस सोबत राहून पाहू. जमलं त मंग पुण्यालेच चाल."

बाबू म्हणजे माझा धाकटा भाऊ. चाळिशीला आला, मायसाठी अजून बाबूच आहे.

"पाहू म्हणजे? काय पाहू?"

"पाहू म्हणजे पाहू. तू मास्तरीण हायेस म्हणून हरेक शब्दाले धरशील का?"

मला भावानं सांगितलं होतं, "ताई, सगळे मिळून सुट्टीला जाऊ, मजा येईल." सुट्टीमागे पाहणी आहे हे मला सांगायची त्याला गरज वाटली नाही. आमच्याकडे पोरगी पाहायला येतात. माय सांगते, तिलाही पाहायला आले होते, आणि डोक्यावर भरलेली घागर देऊन अंगणातून चालायला लावलं होतं. सत्तरीला टेकलेल्या बाईला परत एकदा पाहायला नेत होते, आणि ह्या वेळी पाहणारा तिच्याच पोटचा होता.

इथे थोडं मागचं सांगते. माय आंजीला एकटी राहते. बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली. भाजीपाल्याचं वावर चुलत भावाला मक्त्यानं दिलं आणि मायनं घरामागचा तुकडा तेवढा स्वतःकडे ठेवला. त्यात वांगी, पालक, मेथी आणि सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभारच म्हणतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं ह्या एका शब्दापायी बिघडलं असं मायचं म्हणणं आहे. माझं तसं म्हणणं नाही.

गेल्या पावसाळ्यात माय न्हाणीत घसरून पडली. शेजारणीनं ओरड ऐकली म्हणून निभावलं. तेव्हापासून घरात एकच प्रश्न होता, मायनं आता राहायचं कुठं.

माझं उत्तर तयार होतं. माझ्याकडे. वर्ध्यात माझं घर आहे, पुढच्या खोलीत तिच्यासाठी खाट टाकून ठेवली आहे. नवरा म्हणतो, आणा. लेक म्हणते, आणच. पण माय येत नाही. लेकीच्या घरी आईनं राहू नये, हे तिच्या डोक्यात कुणी आणि कधी घातलं देव जाणे. आली तर चहा पिते आणि पिशवीतून पालक काढून ओट्यावर ठेवते, चहा फुकटचा नको म्हणून. मुक्कामाचा विषय काढला की तिला शेवटची एसटी आठवते.

तिला पोराकडे जायचं होतं. पोराचं घर ते आपलं घर. तिथे तिला पालक न्यावा लागला नसता.

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. बी.ए. केलं, मग बी.एड. आता वर्ध्याच्या एका शाळेत मराठी शिकवते. हे मी मिरवते, लपवत नाही. आंजीहून सकाळच्या एसटीनं, वांग्याच्या पोत्यांत पाय दुमडून बसून मी कॉलेजात गेले, आणि लोक बाबांना विचारायचे, पोरीले शिकवून काय कलेक्टर करता का. भाऊ माझ्या मागून शिकला. कोणत्या खिडकीवर उभं राहायचं, कोणता दाखला आधी काढायचा, हे सगळं त्याला आयतं माहीत झालं होतं. त्याला वाटतं तो स्वतःच्या हुशारीनं पुण्याला गेला. वाटू दे.

पुण्यात त्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही एक दुपार थांबलो. भाऊ, भावजय, त्यांचा सात वर्षांचा मुलगा, आणि भावजयीची आई. ही विहीणबाई त्यांच्याकडेच राहते. नवरा वारल्यावर लेकीनं तिला आपल्याकडे आणलं. बाल्कनीची खोली तिची. खिडकीत तिची पुस्तकं, भिंतीवर तिच्या नवऱ्याचा फोटो. बाई वाईट नाही. ऑफिसातून निवृत्त झालेली, हसरी, सगळ्यांची विचारपूस करणारी. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

भाचा तिला नुसतं "आजी" म्हणतो. मायला म्हणतो "वर्धा-आजी". आगगाडीचं स्टेशन असल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही दापोलीच्या पुढच्या एका गावात पोचलो. नारळीच्या बागेत घर, घरमालकीणच स्वयंपाक करायची, आणि कुंपणाच्या फाटकाबाहेर समुद्र. मायनं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. चपला हातात घेऊन ती वाळूत उभी राहिली, पदर दातात धरला.

"माय वो," ती म्हणाली. "आपण हिंगणीले गेलतो तव्हा बोरचं धरण पाह्यलं ना? त्याले पलीकडचा काठ तरी दिसते. ह्याले काठच नाई."

"आई, कसं वाटलं?" भावानं मोबाइल तिच्यासमोर धरून विचारलं. घरी तो तिला माय म्हणायचा. आई कधी सुरू झालं मला आठवत नाही.

माय मोबाइलकडे पाहून म्हणाली, "चांगला हाये. पण येवढं पाणी आन् ओलिताच्या कामाचं नाई, मंग काय उपेग?"

सगळे हसले. मीही हसले. ते हसणं चांगलं होतं, त्यात माय होती.

संध्याकाळच्या जेवणाला घरमालकिणीनं मासे केले होते, आणि मायसाठी वालाची उसळ. मायला उसळ आवडली. ती घरमालकिणीला म्हणाली, "बाई, यावर थोडा सांभार असता त मज्जाच आली असती."

घरमालकीण म्हणाली, "सांबार? आत्ता नाही हो आजी. सकाळी करते ना, इडली-सांबार करते तुमच्यासाठी."

माय काही बोलायला गेली आणि थांबली. आपण पाहुणे, समोर परकी बाई. मला वाटलं भाऊ सांगेल. तो माशाचे काटे काढत होता.

सकाळी त्या बिचारीनं खरंच इडल्या केल्या. आणि एक मोठा वाडगा भरून सांबार आणून मायच्या पुढे ठेवला. "घ्या आजी, खास तुमच्यासाठी."

माय वाडग्याकडे पाहत राहिली. शेवग्याच्या शेंगा तरंगत होत्या.

"हे काय होय?"

"सांबार. तुम्ही काल मागितलंत ना?"

भाचा ओरडला, "वर्धा-आजीचा सांभार आला!" विहीणबाई हसली. भावजयीला आधी समजलं नाही. मग माझ्या भावानं समजावून सांगितलं. तो हसत हसत म्हणाला, "अगं, आई कोथिंबिरीला सांभार म्हणते."

आई म्हणते. आपण म्हणतो असं नाही. ज्या पोरानं लहानपणी बाजारात मायच्या बाजूला बसून "सांभार घ्या, ताजा सांभार" म्हणून गळा काढला, त्यानं त्या शब्दातून स्वतःला अलगद बाहेर काढलं आणि मायला आत एकटी ठेवलं. मी मराठी शिकवते. कर्ता बदलला की वाक्याचं काय होतं ते मला पोरांना सांगावं लागतं.

मी म्हटलं, "आई नाही, आम्ही सगळेच म्हणतो. अख्खा विदर्भ म्हणतो. तूही म्हणत होता."

"ताई, चेष्टा आहे गं. किती मनाला लावून घेतेस."

टेबलाखाली मायचा पाय माझ्या पायावर पडला. जोरात. मग तिनं वाडगा जवळ ओढला आणि सगळं सांबार खाल्लं. तिला ते चिंचेचं आंबट अजिबात चालत नाही, जळजळ होते. तरी खाल्लं आणि घरमालकिणीला म्हणाली, "मस्त झालतं, बाई."

तिथून भाच्याला खेळच मिळाला. वाळूत बसून तो मायची परीक्षा घ्यायचा. लेकरू होतं, त्याचा काही दोष नाही.

"आजी, बटाट्याला काय म्हणतात?"

"आलू."

"चूक! बटाटा. टोमॅटोला?"

"भेद्रं. टमाटर म्हण."

"टोमॅटो! आणि 'का'ला तू काय म्हणतेस?"

"काऊन?"

"बघ, बघ, म्हणाली! आजी, काऊन नाही, का."

"का," माय म्हणाली. आणि माझ्याकडे पाहिलं, बरोबर झालं का म्हणून. मला वर्गातली ती पोरं आठवली, ज्यांना मनापासून पास व्हायचं असतं.

दोन दिवस ती अशी परीक्षेला बसल्यासारखी राहिली. पहाटेची सवय, म्हणून लवकर उठायची, पण आवाज होईल म्हणून अंथरुणातच बसून राहायची. चहा बशीत ओतायची नाही, कपानं प्यायची आणि जीभ भाजून घ्यायची. तंबाखू नाही म्हणून डोकं दुखायचं. कपाळाला पदर करकचून बांधायची आणि कुणी आलं की सोडून टाकायची. "डोकं दुखते का, माय?" म्हटलं की म्हणायची, "वाऱ्यानं. समुद्राचा वारा लागते." एकदाच चुकली. भाचा जेवत नव्हता, तिनं आपल्या ताटातला घास कालवून त्याच्या तोंडात दिला, त्यानं आनंदानं खाल्ला. भावजय म्हणाली, "अहो आई, उष्टं नको ना." हळूच म्हणाली. मायनं हात ताटात मागे घेतला आणि मग तिला स्वतःलाही जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी भावजय माझ्यापाशी ओट्यावर येऊन बसली. माय आत पडली होती.

"ताई, तुम्ही स्पष्ट बोलता, म्हणून मीही स्पष्ट बोलते. राग नका मानू."

"बोल."

"आम्ही आधी एकत्र राहून बघायचं ठरवलं होतं. मला वाटतं आईंनाच जड जाईल पुण्यात. त्यांना मोकळी सवय. फ्लॅटमध्ये दोन आज्या, एक खोली. माझ्या आईला आता हलवता येणार नाही. आणि..."

"आणि?"

"आणि तुम्ही तर तिथेच आहात. इतकं छान घर तुमचं. मला खरंच कळत नाही, त्या तुमच्याकडे का राहत नाहीत? माझी आई राहते की माझ्याकडे."

तिला खरंच कळत नव्हतं. त्यात कपट नव्हतं. मी काय सांगणार होते? मी म्हटलं, "तुझ्या आईला शिकलेली लेक लाभली आणि ती तिला कामी आली. माझ्या आईलाही लाभली आहे, पण लेकीला कामी येऊ द्यायला माझी आई शिकली नाही ना."

ती म्हणाली, "असं नका ना म्हणू."

"बरं, नाही म्हणत," मी म्हटलं, आणि उठले.

माय आत नव्हती. मागच्या दारानं कधी गेली समजलं नाही. फाटकाबाहेर आले तर ती दूर, ओल्या वाळूवरून चालत होती. लुगडं पोटऱ्यांवर खोचलेलं, हात मागे बांधलेले. मी मागून गेले. लाटांच्या आवाजात आधी ऐकू आलं नाही. जवळ गेल्यावर समजलं, ती काहीतरी घोकत होती.

"कोथमीर. कोथ... कोथिंबीर. कोथिंबीर. कोथिंबीर."

माझं काळीज जळलं. दुसरा शब्द नाही त्याला.

"माय."

ती दचकली, मग ओशाळून हसली. "शिकून राह्यली. कठीण हाये वो ते मधातलं. जीभ अटकते. पुण्यात दुकानात गेली आन् सांभार मांगतला त लोक हासतीन ना बाबूले."

"तू काऊन पुण्याच्या मागं लागली? माझ्याकडे ये ना. तुझी खाट टाकून ठेवली. तिथं सांभार म्हणजो, भेद्रं म्हणजो, तंबाखू खा. कोणी हासणार नाई."

"लेकीच्या दारी?"

"विहीणबाई राहते ना लेकीच्या दारी! किती सुखात राहते पाहून राह्यली ना तू?"

माय थांबली. लाट येऊन तिच्या पायावरून गेली आणि पायाखालची वाळू सरकली, तशी तिनं माझा दंड धरला. माझ्याच दंडाला धरून ती म्हणाली, "ईनबाईले पोरगा नाई, बिचारीले. मले हाये ना."

तीस वर्षं आजारपणात, अडचणीत, बाबांच्या शेवटच्या दिवसांत रात्रंदिवस जी धावली ती मी. आणि "मले हाये" म्हणताना ती जे मोजत होती, त्यात मी नव्हतेच.

निघायच्या दिवशी सकाळी सामान गाडीत चढत होतं. भावानं मला बाजूला घेतलं. नारळाखाली उभा राहून चप्पल वाळूत घासत होता, लहानपणी खोटं बोलताना घासायचा तशी.

"ताई, ते नाही जमणार गं. तुला बोललीच आहे ही. तू सांग ना आईला."

"मी काऊन सांगू?"

"तू नीट सांगशील. तुला शब्द सापडतात. माझ्या तोंडून तिला वाईट वाटेल."

"वाईट वाटण्यासारखंच आहे तर वाटू दे. बोलावलं तू, पाहिलं तू. सांगायचं तूच. आणि सांगताना तिच्या भाषेत सांग. माय म्हण आधी."

त्याचे कान लाल झाले. "तू ना ताई, नेहमी असंच करतेस. टोचून बोलतेस."

"हो. मले तेच येते."

तो फाटकाबाहेर गेला. माय शेवटचा समुद्र पाहत उभी होती. मी फाटकाशी थांबले. ऐकू काही येत नव्हतं, वारा उलटा होता. भाऊ तिच्या बाजूला उभा राहिला, काहीतरी बोलला, हात हलवले. माय मान वर करून त्याच्याकडे पाहत होती. मग ती एकदम वाकली. मला वाटलं बसली खाली, चक्कर आली, आणि मी पळणार तोच दिसलं की ती त्याच्या पॅन्टची ओली कड दुमडून वर करून देत होती, खाऱ्या पाण्यानं खराब होईल म्हणून. तो तसाच उभा राहिला, एक पाय पुढे करून. इंजिनीअर. एका पोराचा बाप.

ती परत आली तेव्हा चेहरा साधा होता. मी विचारलं, "काय म्हणाला?"

"बाबू म्हणते, आत्ता घरात थोडी अडचण हाये. पुढच्या खेपेले पाहू."

"पुढच्या खेपेले?"

"हो. म्हणे, पुन्हा येऊ असंच सारे. मंग पाहू."

मी भावाकडे पाहिलं. तो डिकीत बॅगा लावण्यात गुंतला होता. मी पेपर तपासते. पोराला नापास करताना जीव खालीवर होतो हे मला ठाऊक आहे, पण आकडा लिहावा लागतो. निकाल राखून ठेवायचा, पोराला आशेवर झुलवायचं आणि स्वतः चांगलं राहायचं, हे मी कधी केलं नाही. नापास करायलाही छाती लागते. आमच्या बाबूला तेवढीही नाही.

गाडीत भाचा मायच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. माय त्याच्या केसातली वाळू काढत होती. विहीणबाई म्हणाली, "किती लळा लागला बघा ह्याला तुमचा." माय म्हणाली, "का नाही लागणार?" काऊन म्हणाली नाही.

वर्ध्याला उतरलो तेव्हा मी म्हटलं, एक दिवस राहा, थकली आहेस. नवरा स्टेशनवर घ्यायला आला होता. तोही म्हणाला, "आई, चला घरी." मायनं त्याला समुद्राचे शिंपले दिले, नातीसाठी, आणि म्हणाली, "जावाईबापू, सांभाळून राह्यजा. मले आंजीची गाडी भेटते आत्ता." आणि तिथून परस्पर बसस्टँडवर.

त्यानंतर दोन महिने झाले असतील. एका रविवारी मी आंजीला गेले. माय घरामागे होती. जिथे वांगी असायची तिथली वांगी उपटून तिनं सगळा सांभारच लावला होता. हिरवागार, बोटभर उंच. ती उकिडवी बसून जुड्या बांधत होती, केळीच्या सोपट्यानं, वाळल्या सालीनं. चंची कमरेला नव्हती. गालफडं बसली होती.

शेजारची म्हातारी कुंपणावरून म्हणाली, "अवो, दोन काड्या सांभार दे वो, चटणीले."

माय म्हणाली, "कोथिंबीर पाह्यजे का? घे ना."

म्हातारी हसली. "काय वो बुढे, चार दिवस समुद्रावर काय गेली, पुण्याची मॅडम झाली का?" आणि मला म्हणाली, "अख्ख्या गल्लीले शिकवून राह्यली तुही माय. सांभार म्हटलं त देतच नाई."

माय हसली नाही. म्हातारी गेल्यावर मला म्हणाली, "आता नाई अटकत जीभ. पाह्य, कोथिंबीर. बरोबर म्हणते ना?"

"माय, बाबूचा फोन येते का?"

"येते ना. काम लय असते त्याले. दिवाळीत पाहू म्हणे."

मी तिच्या बाजूला, मातीत बसले. आणि जे समुद्रावर त्यानं सांगायचं होतं ते सांगितलं. मला तेच येतं, सरळ बोलणं. म्हटलं, "माय, ते शब्दासाठी नव्हतं. तू उद्या पुण्याच्या बायांवाणी बोलली तरी काही होत नाही. तिथं खोली नाही. सूनबाईनं मले स्वतः सांगतलं. बाबूले तुले सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून पुढच्या खेपेले, पुढच्या खेपेले करून राह्यला. ते तुले नेणार नाहीत."

मायनं जुडी बांधून पूर्ण केली. सोपट्याची गाठ दातानं ओढली.

"तूच तिथं भांडली," ती म्हणाली. "भरल्या ताटावर. अख्खा विदर्भ म्हणते म्हणे. मी पाय देल्ला तुह्या पायावर, तरी चूप नाई बसली. त्यायले वाटलं अशा माणसायले कुठं घरात घ्याव."

"माय!"

"शिकली तू. पण कुठं बोलाव, कुठं गप राहाव, हे नाई शिकली."

मी उठले. शेवटची एसटी मला नव्हती गाठायची, माझी गाडी दारात होती, तरी मी उठले. माती झटकली. माय पण उठली, गुडघ्यावर हात टेकवत. टोपल्यातली सगळ्यात मोठी जुडी काढून माझ्यापुढे धरली, नेहमी देते तशी.

"ने. कोथिंबीर ने घरी."

मी म्हटलं, "मले सांभार पाह्यजे."

मायनं हात मागे घेतला आणि ती जुडी परत टोपल्यात ठेवली.